मराठीतून इटालियनकडे जाणारी जुनी वाट

गेल्या आषाढातील गोष्ट. पेरण्या उरकून हळदीचे कोंब नुकतेच वर आले होते. आखाडा बाळापूरजवळच्या एका वस्तीवरील माय आपल्या लेकीला घेऊन संध्याकाळी माझ्या खोलीवर आली. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, पुढे नांदेडच्या विद्यापीठातून मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली. धर्मभगिनी होण्याची तिची इच्छा जुनीच होती. मूळच्या इटलीतील एका व्रतस्थ भगिनीसंघाने तिला स्वीकारले होते. आता पुढील शिक्षणासाठी तिला रोमला पाठवायचे ठरले होते, आणि तत्पूर्वी पेरुजा येथील विद्यापीठात सहा महिने इटालियन भाषेचा आरंभीचा वर्ग करावयाचा होता. तसे पत्र तिच्या हातात होते. पत्र इंग्रजीत होते.

"फादर, मला 'येत नाही' म्हणून कळवायचंय. तेवढं तुम्ही लिहून द्या," ती म्हणाली.

मी कारण विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "मला इंग्रजीच धड येत नाही. मग इटालियन कशी यायची?"

आईने माझ्याकडे पाहिले. "तुम्हीच सांगा हिला काही, फादर. रात्रभर रडली हो."

त्या क्षणी मी तिला धीराचे चार शब्द सांगितले आणि पत्र ठेवून घेतले. परंतु तिच्या वाक्यातील तो 'मग' माझ्या मनातून जाईना. इंग्रजी येत नाही, 'मग' इटालियन कशी येणार? जणू मराठी माणसाला युरोपातील कोणत्याही भाषेच्या घरात शिरावयाचे तर आधी इंग्रजीच्या ओसरीवर बसून परवानगी घ्यावी लागते! ही समजूत तिची एकटीची नाही. माझीही होती, आणि तिच्यापायी मी पेरुजामध्ये कसा फजित झालो ते पुढे सांगणारच आहे. पण वाचकहो, इतिहास पाहिला तर ही समजूत फार अलीकडची आहे. मराठीतून इटालियनकडे जाणारी एक सरळ वाट होती. इंग्रजीचा महामार्ग झाला आणि त्या वाटेवर गवत उगवले, इतकेच.

या वाटेवरचा पहिला प्रवासी तिकडून इकडे आलेला दिसतो. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी. जन्म १५४० चा. मिरीच्या व्यापाराच्या निमित्ताने तो १५८३ साली कोचीनला उतरला आणि १५८८ साली गोव्यात वारला. या पाच वर्षांत त्याने मायदेशी जी पत्रे धाडली त्यांत दर, गलबते, औषधी वनस्पती यांची माहिती आहेच. परंतु येथील विद्वानांची शास्त्रे संस्कृत नावाच्या एका जुन्या भाषेत लिहिलेली असून त्या भाषेतील पुष्कळ शब्द आपल्या इटालियन शब्दांसारखे आहेत, असेही त्याने नोंदवले आहे. उदाहरणे कोणती? देव, साप, आणि सहा, सात, आठ, नऊ हे आकडे. इटालियनमध्ये देवाला 'दिओ', सापाला 'सेर्पे', आणि आकडे 'सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे'. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण केले ते १७८६ साली. सास्सेत्तीची नोंद त्यापूर्वी दोनशे वर्षांची. तो पंडित नव्हता. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला आकडे सर्वांत आधी ऐकू यावेत यात नवल ते काय?

त्याच सुमारास गोव्यात येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स होते. जन्माने इंग्रज, परंतु येशूसंघात त्यांनी प्रवेश केला रोममध्ये, आणि तत्त्वज्ञानाचे धडेही तेथेच घेतले. १५८३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी जुळते, असे त्यांनी म्हटले आहे. हेच पुढे ख्रिस्तपुराणाचे कर्ते झाले. ते पुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नकोच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, जातीचा इंग्रज असलेला हा माणूस आपल्या भाषेपाशी आला तेव्हा त्याने तिची तुलना स्वतःच्या मातृभाषेशी केली नाही. ती त्याने लॅटिनशी आणि ग्रीकशी केली, कारण साम्य तेथेच होते.

आता इकडून तिकडे गेलेला प्रवासी. मातेउस द कास्त्रो म्हाळे हे गोव्यातील दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातील. त्यांना धर्मगुरू व्हावयाचे होते, पण तत्कालीन पोर्तुगीज आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा देण्यास नकार दिला. माणूस हट्टी. समुद्रमार्गावर पोर्तुगिजांचा पहारा, म्हणून ते खुष्कीच्या मार्गाने इराण आणि पवित्र भूमी ओलांडून १६२५ साली रोमला पोहोचले. तेथे तीनच वर्षांपूर्वी, १६२२ साली, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धाप्रसारासाठी 'प्रोपागांदा फीदे' हे मंडळ स्थापन केले होते. (राजकारण्यांनी पुढे 'प्रोपगंडा' या शब्दाची काय दशा केली ती आपण पाहतोच, मूळ शब्द बिचारा बीज पसरविण्याचा, रोप लावण्याचा आहे.) या मंडळाचे पहिले सचिव फ्रांचेस्को इंगोली यांचे मत होते की, त्या त्या देशाच्या ख्रिस्तसभेला त्या त्या देशाचे धर्मगुरू हवेत. मातेउस त्यांच्या दारी उभे राहिले ते जणू या मताचा जिवंत दाखला म्हणूनच. रोममध्ये त्यांचे शिक्षण झाले, गुरुदीक्षा झाली, आणि १६३७ साली त्यांना बिशपपदाचा अभिषेक होऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे प्रेषितीय प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. लॅटिन विधीतील पहिले भारतीय बिशप ते हेच. गोव्याच्या हद्दीबाहेर डिचोलीस त्यांनी आपले ठाणे केले.

मातेउस यांचे पुढील आयुष्य भांडणांत गेले. पोर्तुगिजांशी त्यांचे कधीच जमले नाही, आणि त्यांची लेखणीही मवाळ नव्हती. त्या वादात मी येथे शिरत नाही. माझ्या विषयापुरता प्रश्न असा आहे की, दिवाडीचा हा तरुण रोममध्ये बोलला कोणत्या भाषेत? पुस्तकी लॅटिन आणि पोर्तुगीज ही शिदोरी त्याच्यापाशी असणार. परंतु रोमच्या गल्लीत पाव विकत घ्यावयाचा, आजारी पडल्यास वैद्याला दुखणे सांगावयाचे, मंडळाच्या कचेरीत कारकुनासमोर ताटकळत उभे राहून आपले गाऱ्हाणे मांडावयाचे, तर इटालियनवाचून गत्यंतर नव्हते. हे शिक्षण त्याला कोणी वर्ग भरवून दिले नसेल. पण कोकणी-मराठीच्या मुलखातून गेलेला माणूस इटालियन शिकला आणि रोमच्या कारभाऱ्यांना स्वतःची बाजू पटवून देण्याइतका शिकला, यात मला संशय वाटत नाही. इंग्रजीचे एक अक्षरही त्याच्या वाटेत आले नव्हते. त्याच्यामागून वेर्ण्याचे कुस्तोदिओ द पिन्यो असेच रोमला शिकून आले आणि तेही बिशप झाले.

या देवाणघेवाणीचे सर्वांत मोठे फळ मात्र दीडशे वर्षांनी हाती आले, आणि आम्हा मराठवाड्यातील लोकांना त्याची खबरही नाही. १७७८ साली रोममध्ये प्रोपागांदाच्या छापखान्यात मराठीचे एक व्याकरण छापून निघाले. 'ग्रामातिका मारास्ता' हे त्याचे नाव. लेखकाचे नाव पुस्तकावर नाही. भाषा पोर्तुगीज. मराठी भाषेचे छापील व्याकरण म्हणून याच्या आधीचे दुसरे कोणतेही ज्ञात नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ साली निघाले, आणि आपल्या दादोबा पांडुरंगांचे १८३६ साली. म्हणजे दादोबांच्या आधी अठ्ठावन्न वर्षे मराठीची नामे आणि क्रियापदे तिबर नदीच्या काठी छापली गेली होती.

त्या पुस्तकाचे उपशीर्षक वाचून मी पहिल्यांदा थबकलो. 'निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत जी सर्वसामान्यपणे चालते ती' मराठी, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. निजामशहाच्या राज्यात! १७७८ साली निजामशाही कोठे होती? ती १६३६ साली बुडाली, आदिलशाही १६८६ साली. पुण्यात पेशवे होते आणि इकडे आसफजाही निजाम. रोमच्या कचेरीत मात्र मेलेली दोन राज्ये अजून सुखाने नांदत होती, कारण मातेउसच्या काळातील कागदांत ती तशीच लिहिलेली होती. कचेऱ्यांचा हा स्वभाव सर्वत्र सारखाच असावा. आमच्या सातबाऱ्यावरही पणजोबा अद्याप जिवंत असतात. परंतु या चुकीतही एक गोड सत्य दडलेले आहे. पुण्याची नव्हे, मुंबईची तर नव्हेच, तर ज्या राज्याच्या पदराखाली आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग होता, त्याच्या नावाने मराठीचे हे पहिले छापील व्याकरण जगापुढे आले. 'आमची भाषा शुद्ध नाही' म्हणून मुंबई-पुण्यात संकोचणाऱ्या आमच्या मुलांना हे कोणी सांगितले आहे काय?

मग ही वाट मोडली कशी? उत्तर अवघड नाही. १८१८ नंतर इंग्रजांचे राज्य स्थिर झाले, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि युरोप म्हणून जे काही होते ते आपल्याकडे इंग्रजीच्या चाळणीतून येऊ लागले. याचा सर्वांत ठळक दाखला इटलीचाच आहे. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर केले. ते १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि एका पिढीने ते झपाटून वाचले. इटलीच्या माणसाचे इतके गाजलेले दुसरे पुस्तक त्या काळच्या मराठीत नसेल. पण ते आले इंग्रजीतून. म्हणून तर पुस्तकावर 'जोसेफ' मॅझिनी आहे. त्याच्या आईने त्याला 'जुझेप्पे' म्हणून हाक मारली होती. तीच गत शहरांची. रोमा, फिरेन्झे, नापोली, वेनेत्सिया ही नावे उच्चारावयास मराठी जिभेला कोणतीच अडचण नाही. तरीही आपण रोम, फ्लॉरेन्स, नेपल्स, व्हेनिस म्हणतो. मीही या लेखात तसेच लिहिले आहे. सवय!

आमच्या या मुलखात तर आणखी एक पदर आहे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबाराची व कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. माझे आजोबा सही मराठीत करीत, पण कोर्टाचा कागद त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. बाळापूर परिसरातील जी मुले त्या काळात वर शिकली, ती घरी मराठी बोलून वर्गात उर्दूमधून भूमिती आणि इतिहास शिकली. परकी भाषा शिकणे ही आमच्या लोकांना नवी गोष्ट नव्हे. त्याहूनही मागे जावयाचे तर ज्यांचे गाव म्हणून नर्सी ओळखले जाते ते संत नामदेव या आमच्याच जिल्ह्यातले. पंजाबात जाऊन तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेत ते गायले आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कयाधूच्या काठचा माणूस बियासच्या काठी जाऊन तिथला झाला. त्याला कोणी 'आधी अमुक भाषा येते का?' असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

आता आपल्या धर्मगुरूंविषयी. जुन्या पिढीतील फादरांना रोमला जाताना इटालियनची फारशी धास्ती नसे, कारण सेमिनरीत लॅटिन पक्के झालेले असे आणि रोमच्या विद्यापीठांतील व्याख्यानेही लॅटिनमध्येच होत. १९६२ च्या फेब्रुवारीत पोप तेविसावे जॉन यांनी लॅटिनच्या अभ्यासाचा आग्रह धरणारा एक अधिकृत लेख प्रसृत केला. परंतु त्याच वर्षी दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद सुरू झाली, उपासनेत लोकभाषा आल्या, आणि त्याच वाऱ्याबरोबर रोमच्या वर्गांतील व्याख्यानेही लॅटिन सोडून इटालियनमध्ये होऊ लागली. परिणाम असा झाला की, ज्या बदलाने आम्हाला मराठीत मिस्सा दिली, त्याच बदलाने आमच्यातील रोमला जाणाऱ्यांना पुन्हा पहिलीच्या बाकावर बसविले. तेव्हापासून परदेशी धर्मगुरू व धर्मभगिनी आधी काही महिने इटालियन शिकतात आणि मग रोमच्या वर्गात बसतात. त्यासाठी पुष्कळांची धाव असते पेरुजाकडे. परकीयांसाठीच असलेल्या तेथील विद्यापीठाची सुरुवात १९२१ सालच्या व्याख्यानमालेतून झाली आणि १९२५ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. उंब्रिया प्रांतातील हे डोंगरावरचे शहर. पलीकडे अस्सिसी दिसते.

मीही सुमारे बावीस वर्षांपूर्वी तेथे होतो. विद्यापीठाची मुख्य इमारत गाल्लेंगा नावाच्या जुन्या वाड्यात आहे आणि वाड्यासमोर इत्रुस्कन लोकांची प्रचंड दगडी कमान उभी आहे. आमच्या वर्गात कोरियाचे, काँगोचे, पोलंडचे विद्यार्थी होते. मी पुण्याच्या सेमिनरीत इंग्रजीतून धर्मशास्त्र शिकलेला, तेव्हा मनात थोडी घमेंड होती. प्रत्येक इटालियन वाक्य मी आधी इंग्रजीत करीत असे आणि मग त्याला इटालियन कपडे चढवीत असे. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी प्रत्येकाला आपल्या आवडीचा पदार्थ सांगावयास लावला. मला म्हणावयाचे होते की मला पाव आवडतो. इंग्रजीत कर्ता 'मी'. म्हणून मी ऐटीत म्हणालो, 'इओ प्याच्चो इल पाने.' वर्ग हसला. काँगोचे फादर तर डोळे पुसू लागले. कारण 'प्याच्चो' म्हणजे 'मी आवडतो'! मी पावाला आवडतो, अशा थाटाचे काहीतरी मी बोललो होतो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, तुमच्या भाषेत कसे म्हणतात? मी फळ्यासमोर उभा राहून म्हणालो, 'मला पाव आवडतो.' आणि शब्दशः अर्थ समजावून सांगू लागलो, तो माझा मीच थांबलो. इटालियन वाक्य आहे 'मी प्याचे इल पाने.' 'मी' म्हणजे मला. 'प्याचे' म्हणजे आवडतो. 'पाने' म्हणजे पाव. अनेक पुस्तके आवडत असतील तर आपण 'आवडतात' म्हणतो, कारण क्रियापद पुस्तकांमागे जाते. तेथेही 'प्याच्चोनो' होते, त्याच कारणाने. इंग्रजीतून आलेल्यांना हे एक वाक्य आठवडाभर छळते. माझ्या आईने ते मला दोन वर्षांचा असताना शिकवले होते, आणि मी ते पुण्याला विसरून आलो होतो.

त्या दिवसापासून मी इंग्रजीची कुबडी टाकली. एकेक जुळणी सापडू लागली. इटालियन 'त' आणि 'द' हे आपल्या त-द प्रमाणे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने आपण 'टुट्टो' म्हणतो, खरा उच्चार 'तुत्तो'. आपल्या 'चार' मधील च वेगळा आणि 'चाक' मधील च वेगळा, हे लहानपणी कोणी शिकवावे लागत नाही. इटालियनमध्ये हे दोन्ही च आहेत. 'चेना', म्हणजे रात्रीचे जेवण, यात चारचा च. 'पिझ्झा' म्हणून आपण जे लिहितो त्यात चाकाचा च, तोही जोडून. ज ची कथा तशीच: 'जोर्नो', म्हणजे दिवस, यात जीव मधला ज, 'झेरो', म्हणजे शून्य, यात जरा मधला. जोडाक्षरांचा भार तर फार महत्त्वाचा. 'पेना' म्हणजे दुःख किंवा शिक्षा, 'पेन्ना' म्हणजे लेखणी. इंग्रजीच्या कानाला हा फरक निसटतो; परंतु 'हला' आणि 'हल्ला' यांतील फरक ज्याला कळतो त्याचा कान आधीच तयार असतो. विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: नवा, नवी, नवे, नव्या. तेथे नुओवो, नुओवा, नुओवी, नुओवे. मात्र येथे सावधान! आपली 'नवी' स्त्रीलिंगी आहे, त्यांचे 'नुओवी' पुल्लिंगी अनेकवचन. ती गेली आहे आणि तो गेला आहे, यांत क्रियापदाचे रूप बदलते तसे तेथेही बदलते: 'अंदाता', 'अंदातो'.

सगळेच सोपे आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. नामाआधी लागणारी इल, लो, ला, ई, ल्यी, ले ही उपपदे मराठीत नाहीतच, आणि ती शेवटपर्यंत माझ्याशी लपंडाव खेळली. आपले प्रत्यय नामाच्या मागे लागतात, त्यांचे शब्दयोगी नामाच्या पुढे येऊन बसतात. आपली तीन लिंगे, त्यांची दोन. आपले नपुंसकलिंगी घर तेथे स्त्रीलिंगी 'कासा' होते. आणि आदरार्थी बोलताना समोरच्या माणसाला 'ती' या अर्थाचे सर्वनाम लावावयाचे, मग ते बिशप का असेनात! आमच्या तुम्ही-आपणात वाढलेल्या जिभेला हे शिकायला पुष्कळ दिवस लागतात.

पेरुजाची आणखी एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या शहराच्या उत्तरेस तिबर नदीचे वरचे खोरे आहे. १० जुलै १९४४ रोजी तेथे मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, ते ठाणे त्यांनी जिंकले आणि तेथेच ते पडले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा जवान. वय अवघे बावीस वर्षांचे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला. मी तेथे शिकत असताना हे मला ठाऊक नव्हते, आणि मला सांगणारेही कोणी भेटले नाही. २०२३ च्या जुलैमध्ये मोंतोने या गावी त्यांच्या नावाचे स्मारक झाले तेव्हा ते वाचून मी नकाशा काढून पाहिला. ज्या टेकड्यांकडे पाहत मी क्रियापदे पाठ करीत असे, त्यांच्याच पलीकडे हे सारे घडले होते. त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांकडे पाणी मागताना, वाट विचारताना आपले मराठा जवान कोणते शब्द वापरीत असतील? ते शब्द कोणत्याही व्याकरणात उतरलेले नाहीत.

हे सारे मी त्या मुलीला एका बैठकीत सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तिला बोलावले आणि एक कोरी वही दिली. पहिल्या पानावर मी काहीच शिकवले नाही. तिच्याकडून चार शब्द लिहून घेतले: पाव, चावी, पगार, पाद्री. हे चारही आपल्याकडे पोर्तुगिजांकरवी आलेले, आणि पोर्तुगीज ही इटालियनची सख्खी बहीण. शेजारी तिने माझ्या सांगण्यावरून लिहिले: पाने, क्यावे, पागारे, पाद्रे. मग आकडे. सास्सेत्तीचेच आकडे. सातापाशी ती थबकली, आठाला हसली, नवाला तिने माझ्या आधीच 'नोवे' म्हटले, कारण तिने माझे ओठ पाहिले होते.

पत्राचे उत्तर आम्ही तिसऱ्या आठवड्यात पाठवले. इंग्रजीचे पत्र मी लिहिले, हे खरे. पण त्याखाली दोन ओळी तिने स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये लिहिल्या. त्यांत एका उपपदाची चूक होती, ती मी मुद्दाम दुरुस्त केली नाही. आता दर मंगळवारी व शुक्रवारी, शेतातले काम आटोपल्यावर, ती येते. सोबत माय असतेच, कारण परतताना अंधार होतो. माय भिंतीला टेकून बसते, मध्येच एखादा शब्द उचलते. परवा तिने विचारले, "तिकडं हळदीला काय म्हणतात हो, फादर?"

मी म्हणालो, "कुर्कुमा."

"म्हणजे कुंकू?"

मी सांगू लागलो की, हा शब्द त्यांच्याकडे अरबांकडून गेला आणि त्याचे आपल्या कुंकुमाशी नाते असावे असे जाणकार मानतात. पण तिचे लक्ष नव्हते. ती लेकीला म्हणत होती, "लिही की गं, हळद म्हणजे कुर्कुमा. जाताना अर्धा किलो बांधून देते. तिथल्या बायांना नाव तर सांगता आलं पाहिजे."